मासा नसल्याचा दाखला

मन्मथप्पा भुसारे यांनी त्या सोमवारी डोळे उघडे ठेवून घागर बुडवली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण देवाचं काम उघड्या डोळ्यांनी करणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. विभूती लावताना ते डोळे मिटत, आरतीत मिटत, आणि कीर्तनात तर मृदंगावर पहिली थाप पडली की मिटत. तिथं ते झोपत नसत, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण त्यांच्या पत्नी सुकन्याबाई नेमकं उलट सांगत फिरतात.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडं बेलदरी नावाचं गाव आहे. तिथं श्रावणात शिवनाम सप्ता बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहिल्या दिवशी ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यानं अनवाणी ओढ्यावर जायचं, तांब्याची घागर भरायची, वाटेत ती कुठं टेकवायची नाही, कुणाशी बोलायचं नाही, आणि थेट गाभाऱ्यात जाऊन पिंडीवर रिकामी करायची. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून मन्मथप्पांनी एकोणीस वर्षं या चिठ्ठीची वाट पाहिली होती. ती निघाली तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

त्यात आणखी एक आनंद होता. सातव्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनाला उदगीरच्या गौरम्माताई यायच्या होत्या. ताईंचं कीर्तन म्हणजे काय, हे ज्यानं ऐकलंय त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. पोट धरून हसवतील आणि हसता हसता माणूस कधी डोळे पुसायला लागला हे त्याचं त्यालाच समजणार नाही. त्यांची तारीख मिळावी म्हणून मन्मथप्पा दोन वर्षं फोन करत होते. एकच तारीख मिळाली होती. दुसऱ्या दिवसापासून ताई महिनाभर नांदेड-देगलूरकडं जाणार होत्या.

तर सोमवारी सकाळी मन्मथप्पांनी डोळे मिटून, पंचाक्षरी म्हणत घागर बुडवली, डोक्यावर घेतली, काटे-खडे तुडवत गाभारा गाठला आणि पिंडीवर पालथी केली. पाणी आलं. आणि पाण्याबरोबर सुळकन आणखी काहीतरी आलं. हातभर लांब, तपकिरी, अंगावर ठिपके आणि तोंडाशी इवलीशी सोंड काढल्यासारखं टोक. त्यानं पिंडीला एक वेढा घातला आणि मान वर केली.

क्षणभर टाळ थांबले. मग कुणीतरी ओरडलं, "नागराज!" आणि सगळा सभामंडप हात जोडून खाली वाकला.

एकटे शेषेराव वाकले नाहीत. शेषेराव म्हणजे निवृत्त ग्रामसेवक, सप्ता समितीचे सचिव आणि मन्मथप्पांचे शेजारी. बेलदरीच्या वेशीच्या आत अंडंसुद्धा आणायचं नाही, हा गावाचा ठराव त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे. त्यांनी त्या जिवाकडं टक लावून पाहिलं आणि आवंढा गिळला. भीतीनं गिळला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

मन्मथप्पांनी त्या जिवाला उचलून परातीतल्या पाण्यात ठेवायला हात घातला आणि बोटातून रक्त आलं. गलका झाला. नाग चावला! सुकन्याबाई बायकांच्या रांगेतून पुढं आल्या. एका हातात कडुलिंबाचा पाला, दुसऱ्या हातात हिरवी मिरची.

"खावा."

"अगं, पण..."

"इख चढलं आसंल तर कडू लागत न्हाई न् तिखट बी लागत न्हाई. खावा म्हणते न्हवं!"

दोन्ही व्यवस्थित लागलं. मन्मथप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं आणि ते भक्तीचं समजलं गेलं. नाग चावूनही विष चढलं नाही, हा त्या दिवशीचा दुसरा चमत्कार ठरला. तासाभरात परातीसमोर हळदीकुंकू, बेल आणि सात वाट्या दूध जमा झालं. मन्मथप्पांना लोक वाकून 'शरणार्थ' म्हणू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उधारीवाल्या गिऱ्हाइकांनीही ओळख दिली.

हे सुख दुपारपर्यंत टिकलं. दुपारी शेजारच्या गावचा सर्पमित्र रुद्रेश मोटारसायकलवरून आला. अंगात कप्प्या-कप्प्यांचं जाकीट, हातात आकडीची काठी आणि छातीवर मोबाइल बांधलेला. त्यानं आधी मोबाइलकडं बघून दोन मिनिटं भाषण केलं, मग परातीत पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"आप्पा, हे जीभ बाहेर काढायलंच न्हाई."

"लाजत असंल," मन्मथप्पा म्हणाले. "नवीन जागा हाय."

"तसं न्हवं हो. ह्याला कल्ले हायत. पंख हाय बारीक. माझ्या हिशेबानं हे माझ्या खात्यात येत न्हाई."

"मंग कुणाच्या खात्यात येतंय?"

"ते मला नका इचारू. माशातलं आपल्याला काय बी कळत न्हाई. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी खाल्ला न्हाई."

मासा हा शब्द गाभाऱ्याच्या दारात उच्चारला गेला आणि बायकांनी पदर तोंडाला लावले. अडचण अशी, की सबंध बेलदरीत मासा ओळखू शकेल असा माणूसच नव्हता. ज्यांनी तो कधी ताटात पाहिला नाही त्यांनी तो परातीत कसा ओळखावा? काही म्हणाले पाणसाप. काही म्हणाले, पाणसापाला पंख कुठले? एका आजोबांनी तर ही पाण्यातली मोठी गोगलगाय शंख सोडून आली आहे असं सांगितलं आणि त्यांना कुणी विरोध केला नाही, कारण त्यांना ऐकू येत नाही.

शेषेरावांनी ठरावांची वही उघडली.

"नियम चार," ते म्हणाले. "गाभाऱ्यात अभक्ष्य आल्यास सप्ता मोडला असं समजून, गाभारा धुऊन, पुढच्या सोमवारपासून सप्ता नव्यानं बसवावा. साप आसंल तर प्रश्न न्हाई. मासा आसंल तर... आप्पा, मला लई वाईट वाटायलंय, पण नियम नियमच हाय."

मन्मथप्पांनी बोटांवर दिवस मोजले. पुढच्या सोमवारपासून नव्यानं सप्ता, म्हणजे काल्याचा दिवस आठ दिवसांनी पुढं. म्हणजे गौरम्माताई देगलूरला आणि काल्याला बेलदरीच्या माइकवर नुसती खरखर.

"आसं एकदम कसं ठरवता?" ते म्हणाले. "आधी हे काय हाय ते तरी कळू द्या!"

"म्हणूनच म्हणतो. बुधवार सांजेपर्यंत सरकारी कागद आणा. कागद म्हणंल ते खरं. मी काय आपल्या मनानं सांगायलो न्हाई." आणि शेषेरावांनी पुन्हा एकदा आवंढा गिळला.

मंगळवारी सकाळी मन्मथप्पा दुधाच्या कॅनमध्ये ओढ्याचं पाणी आणि तो जीव घेऊन एसटीत बसले. झाकणाला सुकन्याबाईंनी खिळ्यानं भोकं पाडून दिली होती. कॅनला हार होता. हार काढायला गाव तयार नव्हतं, कारण निकाल काही लागला तरी निरोप रीतसर व्हायला हवा.

पहिली पायरी वनखात्याची कचेरी. तिथल्या साहेबांनी कॅनमध्ये न डोकावताच विचारलं, "वन्यप्राणी आहे का?"

"तेच इचारायला आलोय."

"वन्यप्राणी असेल तर तो कॅनमध्ये ठेवणं हा गुन्हा आहे. नसेल तर आमचा संबंध नाही."

मन्मथप्पांनी विचार केला. म्हणजे 'आहे' म्हटलं तर आत जायचं आणि 'नाही' म्हटलं तर बाहेर जायचं. "साहेब, मी एकोणीस वर्षं चिठ्ठीची वाट बघितली हो," ते कळवळून म्हणाले. साहेबांना यातलं काहीच कळलं नाही, पण माणूस दुःखी आहे एवढं कळलं. त्यांनी एक छापील अर्ज पुढं केला. प्राण्याचं नाव, जात, वय, खूण. मन्मथप्पांनी नावापुढं 'माहीत नाही' लिहिलं, जातीपुढं 'हाच प्रश्न' लिहिलं, वयापुढं रेघ ओढली आणि खूण म्हणून 'शांत स्वभाव' असं लिहिलं. अर्ज परत आला. नाव लिहिल्याशिवाय नाव सांगता येत नाही, असा काहीसा नियम होता.

बुधवारी लातूर. मत्स्यखात्याच्या कचेरीत एक बाई टेबलाशी बसल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "मासा आहे असं तुमचं म्हणणं आहे का?"

"न्हाई. मासा नाही असं माझं म्हणणं हाय."

"मग इथं कशाला आलात?"

"तसा दाखला पाहिजे."

"कसला?"

"मासा नसल्याचा."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि त्यांना नीट पाहून घेतलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि मांडीवर हार घातलेला दुधाचा कॅन. "आप्पा," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "असा दाखला दिला तर उद्या म्हशी घेऊन येतील लोक. मासा नसलेल्या वस्तू जगात लई आहेत."

"आमचा सप्ता मोडायची वेळ आलीय हो, बाईसाहेब. गळ्यातल्या लिंगाची शपथ घेऊन सांगतो, ह्यो मासा असूच शकत न्हाई. मी माझ्या हातानं आणलाय."

"तुम्ही आणल्यानं त्याचा मासेपणा जातो का?"

मन्मथप्पांना हे लागलं. कारण गेले तीन दिवस त्यांच्या मनात अगदी हेच चाललं होतं.

बाईंनी झाकण उघडून पाहिलंच असतं, पण तेवढ्यात कचेरीची वीज गेली आणि वीज आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. तिथून कुणीतरी त्यांना एका कॉलेजात पाठवलं. प्राणिशास्त्राचे सर रजेवर. प्रयोगशाळेतल्या माणसानं मात्र मोठ्या आपुलकीनं त्यांना आत नेलं. भिंतभर बरण्या होत्या. एका बरणीत बेडूक, एका बरणीत विंचू आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपण इथं कसे आलो असा भाव.

"इथं ठेवून जा," तो म्हणाला. एक रिकामी बरणी त्यानं पुसूनही घेतली. "सर सोमवारी आले की ओळखतील. त्याआधी औषधात घालून ठेवतो, म्हंजे सडणार न्हाई."

मन्मथप्पांनी कॅन छातीशी धरला आणि जिना उतरताना मागं वळून पाहिलं नाही. आता हे विचित्र होतं. तीन दिवसांपूर्वी ज्याच्याशी त्यांची ओळखही नव्हती, त्या जिवासाठी वयाच्या बासष्टाव्या वर्षी ते लातूरच्या रस्त्यावर पळत होते. बसस्टँडच्या नळाखाली त्यांनी कॅनचं पाणी बदललं. जीव तळाशी मलूल पडला होता. हळदीनं पाणी पिवळं झालं होतं. "शिवा शिवा," मन्मथप्पा पुटपुटले, "तुला काय हळद लागायची होती का रे?"

परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कॅनात काय?"

"सप्त्याचं तीर्थ," मन्मथप्पा म्हणाले. हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं, पण कंडक्टरला पूर्ण सत्याची तेवढी गरज नसते.

मध्ये एका नाक्यावर एक बाई चढली. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि बगलेत रिकामी टोपली. टोपलीचा वास तिच्या आधी चढला. मन्मथप्पांनी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि कॅन खिडकीकडच्या बाजूला घेतला. बाई नेमकी त्यांच्याच शेजारी बसली, कारण बाकीच्यांनी आपापल्या शेजारी पिशव्या ठेवल्या होत्या.

"तीर्थ हाय म्हणं?" तिनं हात पुढं केला. "द्या की थोडं. सप्त्याचं कुठं मिळतंय आमाला?"

तीर्थ मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. ताईंनी पंधरा कीर्तनांत हे सांगितलं होतं. मन्मथप्पांनी झाकण जरासं उचललं. सोंडेचं टोक वर आलं, बाईकडं पाहिलं आणि खाली गेलं.

"अगं बया!" बाईचा चेहरा उजळला. "वाम हाय की ही!"

"का... काय हाय?"

"वाम. मासाच की ओ. वढ्यातली वाम. पाठीवर उलटा हात फिरवू नका हां, काटे आसतेत. रगत काढती."

मन्मथप्पांनी चिंधी बांधलेलं बोट हळूच धोतरात लपवलं. तीन कचेऱ्या, दोन दिवस, एक छापील अर्ज. आणि त्या बाईला लागला होता अर्धा क्षण.

"नक्की मासा? जराबी सापाकडं झुकणारा न्हाई?"

"ओ आप्पा, भोयाची पोर हाय मी. पारूबाई म्हणतेत मला. शिरूरच्या बाजारात बसते. आईच्या दुधाआधी म्या वाम बघितली आसंल." मग तिनं मान वाकडी करून विचारलं, "कुठले तुमी?"

"बेलदरी."

"मंग एवढ्या लांब कशाला हिंडलाव? तुमच्या शेषेरावाला इचारायचं की! दर बाजाराला माझ्याकडूनच नेतेत. वामच लागती त्यास्नी, दुसरं काय बी नको. पिशवीत खाली वाम न् वर मेथीची जुडी. लई शौकीन माणूस!"

एसटी खड्ड्यातून गेली. मन्मथप्पा जागच्या जागी वीतभर उडाले, पण त्याचं कारण खड्डा नव्हता. आता त्यांना सगळे आवंढे आठवले. तो पहिला, गाभाऱ्यातला. तो दुसरा, ठराव वाचतानाचा. भीती कसली! त्या माणसाच्या तोंडाला पिंडीसमोर पाणी सुटलं होतं. त्यानं पहिल्याच क्षणी ओळखलं होतं. पण कसं ओळखलं हे सांगता येत नव्हतं, म्हणून कागद हवा होता. सरकारनं सांगावं, म्हणजे शेषेरावांना सांगायला नको.

पुढचे आठ किलोमीटर मन्मथप्पांच्या मनात जे झालं, ते कीर्तनात आलं असतं तर तिथं टाळकऱ्यांनी एक गजर केला असता. गप्प बसणं सोपं होतं. कुठल्याच कचेरीनं मासा म्हटलेलं नव्हतं. 'सरकारला ठरवता आलं नाही' एवढं सांगितलं की सप्ता चालू राहिला असता, ताई आल्या असत्या, आणि लोक वाकून शरणार्थ म्हणत राहिले असते. पण मग हिला पुन्हा परातीत ठेवावं लागलं असतं. पुन्हा दूध, पुन्हा हळद. काल्यापर्यंत ती टिकली नसती. आणि सातव्या दिवशी ताईंसमोर पहिल्या रांगेत बसून टाळ कुठल्या तोंडानं वाजवायचा? त्या गाता गाता नेमकं माणसाच्या डोळ्यांत बघतात. डोळे मिटले तरी बघतात.

सांजेला सभामंडप भरला होता. मन्मथप्पांनी कॅन पायरीवर ठेवला आणि घसा खाकरला.

"मासा हाय. वाम म्हणतेत हिला. मी डोळे मिटून घागर भरली, चूक माझी. मला काय बोलायचं ते बोला, पण आधी हिला वढ्यात सोडू द्या. मरायला टेकलीय."

एकदम कालवा उठला. चुकून हळदीकुंकू वाहिलेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. दुधाच्या वाट्या आणणाऱ्यांनी आपण ताक आणलं होतं असं सांगायला सुरुवात केली. शेषेराव वही उघडून उभे राहिले. त्यांचा चेहरा अगदी मोकळा झाला होता.

"कागद कुठंय?"

"कागद न्हाई मिळाला."

"मंग मासा म्हणून कोण म्हणलं? बेलदरीचा सप्ता मोडायचा तर कुणाच्या शब्दावर मोडायचा?"

"शिरूरच्या बाजारातली पारूबाई म्हणली." मन्मथप्पांनी कॅनचं झाकण सारखं केलं. "तिला पुरावा मागितला, तर म्हणली, माझं एक कायमचं गिऱ्हाईक हाय. त्यास्नी वाम अंधारात बी ओळखता येती. त्यांची खूण एवढीच, की पिशवीत वर मेथीची जुडी आसती. नाव इचारू का म्हणून..."

शेषेरावांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते पायरीवरून घरंगळत कॅनजवळ जाऊन थांबलं.

"आवं," बायकांच्या रांगेतून शेषेरावांच्याच घरचा आवाज आला, "तुमी बी तर मेथीच..."

"गप बस गं!" शेषेराव घाईघाईनं म्हणाले. त्यांनी मन्मथप्पांकडं पाहिलं. मन्मथप्पांनी डोळे मिटून घेतले होते. या खेपेला भक्तीनं नव्हे, तर समोरच्याला आवरायला वेळ मिळावा म्हणून. शेजारी माणूस होता. त्याच्या बायकोनं उद्याही सुकन्याबाईंकडून विरजण मागितलं असतं.

शेषेरावांनी पेन उचललं, वही चाळली आणि बऱ्याच वेळानं घसा साफ केला. "मंडळी, ह्यात एक बारकावा हाय. नियम चार म्हणतो अभक्ष्य. अभक्ष्य कवा? तर खायला घेतल्यावर. इथं कुणी खायला घेतलंय का?"

"न्हाई!" सगळे एकदम म्हणाले.

"कुणाच्या मनात तरी आलं का?"

यावर मन्मथप्पांनी एक डोळा किलकिला केला, आणि शेषेराव तिथं न थांबता पुढं गेले. "पाण्याचा जीव पाण्यासंगट आला. पाण्यासंगट परत जाईल. सबब सप्ता अखंड हाय. सर्वानुमते मंजूर."

पण असं फुकट सुटायचं नसतं. समितीनं ठरवलं, की ज्यानं आणली त्यानंच तिला रीतसर पोचवायचं. अनवाणी, तांब्याच्या घागरीतून, वाटेत घागर न टेकवता आणि कुणाशी न बोलता. फक्त डोळे उघडे ठेवून. मन्मथप्पा निघाले. मागं टाळ-मृदंग. मध्ये सुकन्याबाई पुढं येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "खाली बघा, खाली! आता तरी बघा!" आणि त्यांना उत्तर देता आलं नाही, कारण बोलायचं नव्हतं. वाकून घागर तिरकी केली तेव्हा वाम काही क्षण पाण्यात तशीच पडून राहिली. मन्मथप्पा आणखी खाली वाकले. मग तिनं एक वळसा घेतला आणि गवताच्या मुळांमध्ये अशी गेली, की जणू तिला कधी कुणी हार घातलाच नव्हता.

रविवारी ताई आल्या. काल्याचं कीर्तन उभं राहिलं. पण त्याआधी ताई जेवायला भुसाऱ्यांकडं बसल्या होत्या आणि पोळी वाढता वाढता सुकन्याबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. अर्ज, बरणी, हिरवी मिरची, सगळं. मेथी तेवढी नाही. ती मन्मथप्पांनी बायकोलाही सांगितली नव्हती. ताईंनी निरूपणाच्या मध्यावर टाळकऱ्यांना थांबवलं आणि विचारलं, "देवा, आपण पाणी आणलं कुणाच्या घरातून? तिच्या. तिला विचारून आणलं का? न विचारता आपण तिच्या घरात घागर घातली, आणि विटाळ झाला म्हणून ओरडलो आपणच! मासा नसल्याचा दाखला मागायला हा भाबडा लातूरला गेला. पण मी म्हणते, आपण माणूस असल्याचा दाखला त्या वामीनं मागितला असता, तर कुठल्या कचेरीत गेलो असतो?" तीन गावं हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. पहिल्या रांगेत मन्मथप्पांचा टाळ सात वेळा चुकला.

ही गोष्ट तिथं संपायला हवी होती. पण कीर्तनकाराच्या हाती दृष्टांत लागला की तो त्याचा राहत नाही. पौषात मन्मथप्पांच्या कानावर आलं, की रेणापूरला ताईंचं कीर्तन आहे आणि त्यात वामीची कथा आहे. ते कुणाला न सांगता गेले. कपाळावर उपरणं ओढून शेवटच्या रांगेत बसले. ताई कथेवर आल्या. आता वाम पाच हात लांब झाली होती. आप्पा चार जिल्ह्यांतल्या कचेऱ्या फिरून आले होते. मिरच्या सात खाल्ल्या होत्या. लोक गडाबडा लोळत होते.

शेजारचा शेतकरी डोळे पुसत मन्मथप्पांकडं वळला. "काय सांगायल्यात हो ताई! एवढा भोळा माणूस खरंच आसंल का कुठं?"

मन्मथप्पांनी ठरवलं होतं, की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. मिरच्यांचं त्यांनी सोडून दिलं. कचेऱ्यांचंही सोडून दिलं.

"आसंल की," ते म्हणाले. "पण वाम एवढी मोठी नव्हती. हातभरच होती." आणि चिंधी कधीच सुटलेलं, पण काट्याचा वण असलेलं ते बोट त्यांनी पुढं धरून दाखवलं.